शिसपेन्सिलीचं कार्ड

परंड्याच्या मुलींच्या शाळेत चंद्रप्रभाबाई सात वर्षं होत्या, पण खुर्चीला पाठ टेकून बसलेल्या त्या कुणाला आठवत नाहीत. भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत त्यांचं चालणं सुरू असे. मुली घोकायच्या, बाई चालायच्या. घरी गेल्या तरी तेच. चुलीवर भात ठेवायचा आणि शिजेपर्यंत अंगणात फेऱ्या घालायच्या. शेजारणी म्हणत, "बाईच्या पायाला भिंगरी हाय."

त्या मूळच्या तुळजापूरच्या. वडील तिथं कचेरीत कारकून. त्यांना घरचे आणि गावचे सगळेच भाऊ म्हणत. सोळाव्या वर्षी बाईंचा नवरा पटकीच्या साथीत गेला. भाऊंनी मुलीला घरी आणलं, कोपऱ्यात बसू दिलं नाही, शिकवलं, परीक्षेला बसवलं. १९४३ साली निजाम सरकारचा नेमणुकीचा हुकूम आला, तेव्हा स्वतः परंड्यापर्यंत सोडायला आले. जाताना म्हणाले, "चंद्रा, एका जागी बसायला शीक जरा." ते काही बाईंना जमलं नाही.

शाळा एका खोलीची. एकवीस मुली. पाठ्यपुस्तकातले धडे आणि पाढे मुली सुरात म्हणत. सूर चढला की बाजारातले लोक समजत, शाळा चांगली चाललीय. बाईंनाही तसंच वाटे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात सिद्धम्मा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा कल्याणप्पा कापडाचा व्यापारी. लिंगायत घर, घरात कानडी, बाहेर मराठी; मुली आईला अव्वा म्हणत. त्यांची नऊ वर्षांची लक्ष्मम्मा सुरुवातीपासून शाळेत येत होती. सिद्धम्माच्या हातात चार कार्डं होती.

"ही वाचून दावा बाई, एकदा."

बाईंनी वाचली. तिची थोरली मुलगी इरम्मा आळंदकडच्या एका गावी दिलेली. सासऱ्यानं दर तीन महिन्यांनी शाईनं लिहिलेली कार्डं. पहिल्यात होतं, 'इरम्मा खुशाल आहे. काळजी नसावी.' दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. चौथ्यात इरम्माला देवाज्ञा झाल्याचं होतं.

"सहा म्हैने आजारी व्हती म्हणं," सिद्धम्मा म्हणाली. "त्या गावची एक बाई तुळजापूरला भेटली, तिनं सांगितलं. रोज इचारायची म्हणं, अव्वाला कळिवलं का. आन् हितं आमी खुशाल खुशाल ऐकत बसलो." ती रडली नाही. कार्डं परत पदरात बांधली. "हिला लिवायला शिकवा. वाचायला न्हाय आलं तर ऱ्हाऊ द्या. तिच्या सोताच्या हातानं चार वळी आल्या पायजेत. तीन-चार वर्सांत हिचंबी लगीन व्हनार. मालक काय थांबनार न्हाईत."

"येतं की तिला," बाई म्हणाल्या. "सगळ्या धड्यांत पहिली आहे ती." त्यांनी लक्ष्मम्माला बोलावलं, पुस्तक उघडलं आणि पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

लक्ष्मम्मानं पानाच्या वरून पाठ म्हणायला सुरुवात केली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. अडखळली नाही. बाईंचं बोट तसंच त्या शब्दावर. मुलगी म्हणत म्हणत पुढं गेली आणि तो शब्द केव्हा येऊन गेला ते तिला कळलंही नाही.

"फक्त हा शब्द सांग."

मुलीनं पुन्हा वरून सुरुवात केली.

सिद्धम्माला वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं. ती निघून गेली. त्या दुपारी बाईंनी एकवीसही मुलींना एकेक शब्द विचारला. तिघींना आला. उरलेल्या अठरा जणी सुरात म्हणत होत्या आणि बाई इतके दिवस त्या सुरावर खूश होत्या. संध्याकाळी त्या किल्ल्याच्या खंदकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पाटीवर तर मुली रोज लिहीत होत्या. वळणदार लिहीत होत्या. मग अडलं कुठं?

ते कळायला एक मोडकं दार कामी आलं. शाळेच्या दाराची फळी कुजली होती. हरिबा सुतार नवी फळी घेऊन आला. रंधा मारला, कानावरची शिसपेन्सिल काढून खुणा केल्या आणि बिजागऱ्या विसरल्या म्हणून फळी भिंतीला टेकवून घरी गेला. पेन्सिलीचं थोटूक तिथंच राहिलं. मधल्या सुट्टीत लक्ष्मम्मानं ते उचललं आणि त्या पांढऱ्या फळीवर दाबून दाबून एक 'ल' काढला. हरिबा दुसऱ्या दिवशी आला नाही. फळी तिथंच.

सकाळी मुलगी आत येता येता फळीपुढं थांबली. मान वाकडी करून बघत राहिली.

"बाई, ह्याचं तोंड तिकडं झालंय."

खरंच, 'ल' उलटा पडला होता. कुणी न सांगता तिनं थोटूक घेतलं आणि शेजारी सरळ 'ल' काढला. मग दोन्हींकडं बघून हसली.

बाई चालता चालता थांबल्या. पाटीवर लिहिलेलं मुली ओल्या फडक्यानं पुसत. काल काय चुकलं ते आज दिसतच नसे. शिवाय पाटीवर त्या फळ्यावरचं बघून उतरवत, डोळा वर, हात खाली, मधे डोकं कुठंच लागत नसे. हा 'ल' मात्र तिनं स्वतःच्या आठवणीतून काढला होता, दाबून काढला होता, आणि तो रात्रभर तिथं थांबला होता.

महायुद्धाचे दिवस होते. पोरींच्या शाळेला कागद आणि शिसपेन्सिली देणार कोण? बाईंनी भाऊंना लिहिलं. भाऊंनी कचेरीतले रद्दी झालेले, एका बाजूला उर्दू आणि दुसरी बाजू कोरी असलेले कागद गठ्ठ्यानं पाठवायला सुरुवात केली. पेन्सिली सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून, बार्शीहून कल्याणप्पानं आणल्या. तो कुरकुरलाच. "करोडगिरीच्या जकात नाक्यावर कारकून इचारतो, कापडाच्या गाठोड्यात पेन्सिली कशाला? काय सांगू त्याला?" पण आणल्या. बाईंनी हरिबाकडून एकेका पेन्सिलीचे तीन-तीन तुकडे करून घेतले.

आता शाळेत नवीच रीत सुरू झाली. फळ्याकडं बघायचं नाही. शब्द आधी तोंडानं सावकाश म्हणायचा, मग हातानं काढायचा, मग आपलंच आपण वाचायचं. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी नीट लिहायचं. कागद टाकायचा नाही, सुईदोऱ्यानं शिवून ठेवायचा आणि दर सोमवारी मागचं उलगडून बघायचं.

आठवड्याभरात बाजारातले बंडप्पा दारात आले. "बाई, शाळा बंद हाय का काय? चार दिस झालं, आवाजच न्हाय."

"लिहितायत."

बंडप्पांनी आत डोकावून बघितलं. एकवीस डोकी खाली वाकलेली, जिभा ओठांच्या कोपऱ्यात. "लिवनं काय शिकवनं झालं व्हय?" असं म्हणत ते गेले आणि तेच बाजारभर सांगत सुटले. दोन मुलींना घरच्यांनी काढून घेतलं. बाईंनी जाऊन विनवण्या केल्या. एक परत आली, दुसरी नाही आली.

बाईंची घालमेल यानं आणखी वाढली. खरंच काही होतंय की आपण पोरींचे दिवस घालवतोय? इतर मुली हळूहळू सुटत होत्या, लक्ष्मम्मा नाही. 'घ' आणि 'ध' तिला एकच वाटत. 'घर' सांगितलं की 'धर' लिही. बाई ओरडत, मग स्वतःवरच चिडत. शेवटी त्यांनी तिचा हात हातात घेतला. "हे बघ, 'ध' ला वर गाठ बसते. 'घ' मोकळा. आता डोळे मीट आणि काढ." डोळे मिटून लक्ष्मम्मानं दोन्ही अक्षरं काढली. पुन्हा. पुन्हा. डोळे उघडे असताना न कळलेला फरक तिच्या बोटांना कळला. पुढं कितीतरी दिवस, वाचताना ही दोन अक्षरं आली की तिचं बोट मांडीवर हळूच हलायचं, गाठ मारायचं नाहीतर सोडायचं, आणि मगच तोंड बरोबर उच्चारायचं.

वर्ष सरता सरता एका दुपारी बाईंनी तिला न शिकवलेलं पान काढून दिलं. मुलीनं मधूनच एक ओळ वाचली. चाचरत, पण वाचली. बाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा वाच." ती वाचेपर्यंत हलल्या नाहीत.

मग बाई तिला घरचं लिहायला लावू लागल्या. आज काय खाल्लं, अव्वा काय म्हणाली, कुणाची गाय व्याली. पहिला न सांगितलेला शब्द तिनं लिहिला तो 'अव्वा'. तो कागद घेऊन ती घरी पळाली. सिद्धम्मानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ही म्या?"

१९४७ च्या उन्हाळ्यात लक्ष्मम्माचं लग्न सास्तूरला ठरलं. सासरे रेवणप्पा, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगी बारा वर्षांची. बाई कल्याणप्पाकडं गेल्या. "अजून दोन वर्षं थांबा. जोडाक्षरं अर्धी राहिलीत तिची."

"जोडाक्षरासाठी सोयरीक सोडू व्हय बाई?" कल्याणप्पा म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

दिवाळीनंतर लक्ष्मम्मा नांदायला गेली. जाताना बाईंनी तिला दोन शिसपेन्सिली आणि पत्ता लिहिलेली कोरी कार्डं दिली. "दौत-टाक मागायला जाऊ नकोस, तो सासऱ्यांचा असतो. ही पेन्सिल पिठाच्या मडक्यात ठेव. जे असेल ते लिही. चुकलं तर चुकू दे."

ती गेली, आणि मग काही नाही. संक्रांतीला रेवणप्पांचं शाईचं कार्ड आलं. 'लक्ष्मम्मा खुशाल आहे. काळजी नसावी.' सिद्धम्मा ते घेऊन शाळेत आली. बाईंनी वाचलं आणि दोघींना इरम्माची कार्डं आठवली. चैत्रात दुसरं आलं, तेच शब्द. पेन्सिलीचं एकही नाही. सिद्धम्मा दर दोन दिवसांनी विचारायला येई. बाई टपालवाल्याला रस्त्यातच गाठत. कदाचित पोरगी सुखात असेल, म्हणून लिहीत नसेल. कदाचित लिहायचं विसरली असेल. कदाचित आपणच नीट शिकवलं नसेल. यातलं कुठलं खरं, ते कळायला मार्ग नव्हता.

भोवतालचं सगळंही बिघडत चाललं होतं. निजामाचं राज्य हिंदुस्थानात जाणार की नाही, यावरून गावोगाव दंगेधोपे. हत्यारबंद टोळ्या फिरत. लोक बायकापोरं घेऊन सरहद्दीपलीकडं बार्शीला जात. शाळेत चार मुली उरल्या. आषाढात कल्याणप्पा कापड बार्शीला सुरक्षित ठेवायला म्हणून गेला आणि वाट बंद झाल्यामुळं तिकडंच अडकला.

श्रावणाच्या सुरुवातीला कार्ड आलं. शिसपेन्सिलीचं. कडा भिजलेल्या, ओळी उतरत गेलेल्या, काही अक्षरांना रेघच नाही.

बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. 'अव्वा मी लकशममा लिवते. मला ताप हाय. दोन मैने. उठवत न्हाय. औशद न्हाय. कुनाला तरी धाडा. घरी यायचं हाय.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. स्वतःचं नावसुद्धा जोडाक्षर फोडून लिहिलं होतं पोरीनं. पण 'धाडा' ला गाठ होती आणि 'घरी' मोकळं होतं.

त्याच आठवड्याचं शाईचं कार्डही आलं. 'खुशाल आहे.' शेजारचे लोक सिद्धम्माला म्हणाले, पोरगी घाबरून लिहिते, सासरा कशाला खोटं लिहील? सिद्धम्मानं शाईचं कार्ड चुलीत घातलं. "म्या जानार," ती म्हणाली.

"मी येते," बाई म्हणाल्या. रजेचा अर्ज मंजूर व्हायला महिना लागला असता. त्यांनी चार मुलींना घरी पाठवलं, शाळेला कुलूप लावलं आणि किल्ली बंडप्पांच्या हाती दिली. "नोकरी जाईल बाई तुमची," ते म्हणाले. "जाऊ दे," बाई म्हणाल्या, पण कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.

हरिबानं गाडी जुंपली. बार्शीवरून सरळ जायची सोय नव्हती, म्हणून भूमकडून वळसा. काळ्या मातीत चाकं रुतत. बैल दमले की बाई खाली उतरून चालत, आणि बैल नसतील दमले तरी उतरून चालत. येडशीच्या अलीकडं खाकीतल्या चार माणसांनी गाडी अडवली. एकाच्या खांद्याला बंदूक.

"कहाँ जारे?"

"सास्तूर," बाई उर्दूत म्हणाल्या. "बच्ची बीमार है. मैं सरकारी मदरसे में पढ़ाती हूँ."

"सबूत?"

बाईंकडं दुसरं काही नव्हतं. त्यांनी कार्ड काढलं. त्याला मराठी येत नव्हतं. "क्या लिखा है?" बाईंनी एकेक ओळ उर्दूत करून सांगितली. त्यानं कार्ड उलटून पाहिलं, वळणाकडं बघितलं. "बच्चीनेच लिखी?"

"उसी ने."

"जाव. जल्दी जाव. आगे का नाला चढ़रा."

नवव्या दिवशी त्या सास्तूरला पोचल्या. रेवणप्पा ओसरीवरच होते. पांढऱ्या मिशा, कपाळावर विभूती. पाहुण्या बघून गोंधळले, पण पाय धुवायला पाणी मागवलं. सिद्धम्मा पाणी न घेता सरळ आत गेली. मागच्या खोलीत घोंगडीवर लक्ष्मम्मा होती. केस गेलेले, डोळे मोठे झालेले. तिनं आईला ओळखलं आणि आधी विचारलं, "कार्ड पोचलं?"

बांगड्या भरायला येणाऱ्या हरणाबाईनं ते कार्ड चोळीत लपवून लोहाऱ्याच्या टपालात टाकलं होतं. त्याआधी कार्ड बाहेर न्यायला लक्ष्मम्माला कुणी मिळालंच नव्हतं.

बाहेर बाई रेवणप्पांसमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही खुशाल लिहीत होतात."

"मग काय लिवायचं?" ते म्हणाले. ते खरंच बुचकळ्यात पडले होते. "पाऊस, दंगा, उमरग्याचा डाक्टर पळून गेलेला. ताप सगळ्यांनाच हाय. उगं तिच्या आईबापाला घोर कशाला, म्हनून लिवलं. कळून तरी तुमी काय केलं आसतं?"

सिद्धम्मा दारात येऊन उभी होती. "आलो आसतो," ती म्हणाली.

रेवणप्पा मुलीला न्यायला नाही म्हणाले नाहीत. गाडीत गवत स्वतः अंथरून दिलं.

पुढं परंड्यापर्यंत नेण्यासारखी तिची तब्येत नव्हती. तुळजापूरला भाऊंच्या घरी उतरल्या. भाऊंनी ओळखीच्या हकिमाकडून क्विनाइन मिळवलं. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. बाई ओसरीवर येरझाऱ्या घालत आणि भाऊ बघत बसत. या खेपेला 'बस' म्हणाले नाहीत. भादव्यात एका सकाळी नळदुर्गाकडून तोफांचे आवाज आले, चार दिवसांनी निजामाचं राज्य संपल्याची बातमी आली. गाव रस्त्यावर उतरलं. घरात सिद्धम्मा पेजेची वाटी घेऊन बसली होती, कारण त्या दिवशी लक्ष्मम्मानं पहिल्यांदा भूक लागली म्हटलं होतं.

ती वाचली. दोन वर्षं माहेरी राहिली. मग तिचा नवरा स्वतः न्यायला आला, तेव्हा गेली. तिची कार्डं पुढं दर महिन्याला येत. त्यांत भांडणं असत, बाळंतपणं असत, जोडाक्षरं चुकलेली असत. खुशाल हा शब्द क्वचित असे.

बाईंची नोकरी गेली नाही. नव्या सरकारात कुणाला कशाचा पत्ता नव्हता. १९५० साली त्यांची अणदूरला बदली झाली. लोक म्हणत, बाईंनी पोरगी वाचवली. बाईंना ते ऐकवत नसे. त्यांना एक दुसराच हिशेब सुचे. पेन्सिलीची रीत सुरू होण्याआधी, निव्वळ सुरावर पास होऊन ज्या मुली सासरी गेल्या, त्यांच्याकडं पेन्सिल नव्हती. त्यांच्या घरून कोणती कार्डं येत असतील? त्यांनी नावं आठवून काढली. सुट्टीच्या दिवशी मोटारीनं, बैलगाडीनं, पायी त्या गावोगाव जात. दोघी सापडल्या. एक सापडायच्या आधीच गेली होती. काही घरांनी दारातूनच परत पाठवलं.

अणदूरला त्यांनी लग्न झालेल्या बायकांसाठी दुपारचा एक तास सुरू केला. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या, दोघींच्या कडेवर मुलं. एकीनं शेणाचे हात लुगड्याला पुसले आणि पेन्सिल हातात घ्यायला लाजली. "हे आता काय जमतंय बाई?" ती म्हणाली.

"कुणाला सांगायचंय तुम्हाला? आईला? बहिणीला?" बाईंनी विचारलं. "तिचं नाव सांगा. तिथूनच सुरू करू." आणि बाहेर उन्हात बघत, आणखी कुणी येतंय का म्हणून, त्या दारापर्यंत गेल्या.